एका तासाची रहस्यं: ‘एडगर वॉलेस मिस्टरीज’चा डीव्हीडी संच

१९६० ते १९६५ या काळात लंडनच्या नैर्ऋत्य भागातल्या मर्टन पार्क या छोट्या स्टुडिओतून एकामागून एक रहस्यपट बाहेर पडत होते. सगळे कृष्णधवल, बहुतेक तासाभराचे, एडगर वॉलेस या इंग्रज रहस्यकथाकाराच्या नावावर खपणारे आणि मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठीच बनवलेले. मालिकेत ४७ चित्रपट की ४८, हे मोजणाऱ्यावर अवलंबून आहे, कारण दुसऱ्या कंपनीनं बनवलेला एखादा चित्रपटही तिच्यात धरला जातो. नेटवर्क या ब्रिटिश कंपनीनं हे चित्रपट सात खंडांत डीव्हीडीवर आणले, पुढे सगळे एकत्र करून पूर्ण संचही काढला. विसाव्या शतकाच्या मध्यावरचा ब्रिटनमधला कमी खर्चाचा सिनेमा एका जागी बघायचा असेल तर या संचाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मात्र सगळे चित्रपट सारख्या तोलाचे नाहीत. डझनभर उत्तम आहेत, तेवढेच सोडून दिले तरी चालतील, उरलेले बेताचे पण बघवतात. कुठले कुठे मोडतात आणि का, हे आधी कळलं तर पैसे आणि वेळ दोन्ही सत्कारणी लागतील.

त्यासाठी पैशाचं गणित समजून घ्यायला हवं. त्या काळी ब्रिटिश थिएटरात एका तिकिटात दोन चित्रपट मिळत, मधे बातमीपट, जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांची झलक. मुख्य चित्रपटाच्या वितरकाला गल्ल्यातला टक्का मिळे. दुय्यम चित्रपटाला मात्र ठरलेलं भाडं. चित्रपट कितीही चांगला झाला तरी ते भाडं वाढत नसे, त्यामुळे खर्च कुठे थांबवायचा हे कथा सुचायच्या आधीच पक्कं असे. दुसऱ्या बाजूनं मागणीची खात्री होती. १९४८च्या कायद्यानं थिएटरांवर ब्रिटिश चित्रपटांचा कोटा बसवला. मुख्य चित्रपटांसाठी तो ४५ टक्क्यांपासून सुरू होऊन १९५० मध्ये ३० टक्क्यांवर आला, दुय्यम चित्रपटांसाठी २५ टक्के होता. शिवाय ईडी लेव्ही होती. तिकिटावर अधिभार घ्यायचा आणि तो ब्रिटिश निर्मात्यांना त्यांच्या चित्रपटाच्या गल्ल्याच्या प्रमाणात वाटायचा, अशी ती योजना. १९५० मध्ये ती ऐच्छिक होती, १९५७ मध्ये कायद्यानं सक्तीची झाली. मागणी पक्की, उत्पन्न बांधलेलं, अशा स्थितीत निर्मात्याच्या हातात एकच गोष्ट उरते: काम वेळेत संपवणं. असे चित्रपट साधारण दोन ते तीन आठवड्यांत चित्रित होत.

लांबीसुद्धा याच हिशोबातून आली. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे तासाला ५,४०० फूट. दोन हजार फुटांच्या तीन रिळांत चित्रपट बसतो आणि मुख्य चित्रपटासकट सगळा खेळ तीन तासांच्या आत आटोपतो. तासाभरात खून, संशयित, तपास आणि उलगडा एवढं सगळं मावायचं असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच गोष्ट रुळावर यायला हवी. ती येते की नाही, यावरून या संचातला चित्रपट चांगला आहे की नाही हे बऱ्याचदा लगेच कळतं.

निर्मिती जॅक ग्रीनवूडची, वितरण नॅट कोहेन आणि स्टुअर्ट लेव्ही यांच्या अँग्लो-अमाल्गमेटेड या कंपनीचं. ‘कॅरी ऑन’ या विनोदी मालिकेचे सुरुवातीचे चित्रपट आणि मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ हे याच कंपनीनं वितरित केले. मर्टन पार्क स्टुडिओची सुरुवात जाहिरातपट आणि माहितीपटांपासून झाली होती. थोडक्या जागेत, थोडक्या माणसांत, ठरल्या वेळेत काम उरकायची सवय तिथल्या लोकांच्या अंगात तेव्हापासून मुरलेली. वॉलेस मालिकेच्या आधी, १९५३ पासून, इथेच ‘स्कॉटलंड यार्ड’ ही अर्ध्या तासाच्या ३९ चित्रपटांची मालिका बनू लागली होती. तिचं निवेदन एडगर लस्टगार्टन करी. त्या मालिकेनं घालून दिलेली घडी वॉलेस मालिकेला आयती मिळाली.

किंग्स्टन रोडवरच्या या स्टुडिओच्या आवारात लाँग लॉज नावाचं जुनं घर होतं. ते कंपनीचं कार्यालयही होतं आणि पडद्यावर गरजेप्रमाणे काहीही होई. ओळीनं चार-पाच चित्रपट बघितले की तेच दार, त्याच खिडक्या कधी श्रीमंताचा बंगला म्हणून तर कधी आणखी कसल्या इमारती म्हणून समोर येतात. ही ओळख पटली की मालिका बघण्यातली गंमत वाढते. छायाचित्रकार कॅमेऱ्याचा कोन बदलतो, दारासमोर वेगळी गाडी उभी करतो, पाटी बदलतो आणि जागा नवी होते. घर फुकटात हाताशी असल्यामुळे वाचलेला पैसा खऱ्या लंडनमध्ये चित्रीकरण करण्यावर लागतो, आणि संचाची सगळ्यात मोठी कमाई तीच आहे. धुरानं काळवंडलेल्या भिंती, मोकळे रस्ते, कॅफे, गॅरेज, नदीकाठ, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरची स्कॉटलंड यार्डची जुनी इमारत (पोलिसांचं मुख्यालय तिथून १९६७ मध्ये हललं), काळ्या वुल्झली गाड्या आणि त्यांची घंटा. ब्रिटिश पोलिसांच्या गाड्या तेव्हा भोंगा नव्हे, घंटा वाजवत जायच्या. मोठ्या चित्रपटांनी त्या काळचं लंडन सजवून दाखवलं. इथे ते गोष्टीच्या मागे आपसूक पडून आहे, म्हणून जास्त खरं वाटतं.

प्रत्येक चित्रपटाची सुरुवात एकच आहे. धुक्यात एडगर वॉलेसचा अर्धपुतळा सावकाश फिरतो, मागे मायकेल कारची ‘मॅन ऑफ मिस्टरी’ ही धून. द शॅडोज या वाद्यवृंदानं हीच धून १९६० मध्ये गिटारवर वाजवली आणि ती ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. चित्रपटातली मांडणी वेगळी आहे, जास्त जड आणि सावकाश, आणि विषयाला तीच शोभते.

वॉलेसच्या मूळ कथांची अपेक्षा धरून मात्र कुणी हा संच घेऊ नये. वॉलेस १९३२ मध्ये हॉलिवूडमध्ये वारला, तेव्हा तो ‘किंग काँग’च्या कथेवर काम करत होता. १७० हून जास्त कादंबऱ्या, त्यातल्या बऱ्याचशा तोंडी सांगून लिहून घेतलेल्या, हा त्याचा झपाटा. मर्टन पार्कच्या लेखकांनी त्याच्या कादंबरीचं नाव घेतलं, कधी मुख्य कल्पना घेतली आणि बाकी सगळं १९६० च्या लंडनमध्ये आणून बसवलं. जुना काळ उभा करायचा तर कपडे, गाड्या, सामान सगळ्याचा खर्च येतो. वर्तमानात गोष्ट घडवली की रस्ता आहे तसा वापरता येतो. पुढे पुढे तर काही पटकथांचा वॉलेसशी संबंध अगदी नावापुरता उरला. याच सुमारास जर्मनीत रियाल्टो ही कंपनी वॉलेसवर चित्रपट काढत होती. त्यांत धुकं, गुप्त दारं, मुखवटे घातलेले खुनी असा सगळा थाट आहे. ब्रिटिश मालिका त्याच्या अगदी उलट, कोरडी आणि रोजच्या जगातली. इथले गुन्हेगार विमा कंपनीला फसवणारे, जोडीदाराच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारे, बँक लुटून पैसे लपवणारे असतात. थाटाची आवड असेल तर जर्मन चित्रपट घ्यावेत. माणूस लोभापायी कसा घसरत जातो हे बघायचं असेल तर हा संच.

सुरुवात ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स’पासून करावी (१९६०, दिग्दर्शक क्लाइव्ह डोनर). तुरुंगातल्या एका बँक दरोडेखोराला लग्न करण्यापुरतं पहाऱ्यात रजिस्ट्रारच्या कचेरीत आणतात आणि तिथूनच तो निसटतो. लुटीचा पैसा कुठे आहे ते त्याच्या प्रेयसीला ठाऊक. बाहेर आल्यावर त्याला कळतं की तिनं दुसऱ्याच माणसाशी घर थाटलंय, आणि तो माणूस म्हणजे त्याला पकडणारा निवृत्त पोलीस अधिकारी. ही मांडणी किती काटकसरीची आहे ते बघा. पळून जाण्याचा प्रसंग तुरुंगात घडवला असता तर भिंती, पहारेकरी, कैदी, सगळं उभं करावं लागलं असतं. रजिस्ट्रारच्या कचेरीला एक खोली, एक जिना आणि एक दार पुरतं. वर लग्नाचा प्रसंग असल्यामुळे पहारेकरी जरा सैल असणं पटतं. पैशाची अडचण इथे कथेची चतुराई झाली आहे. तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत हॅरी एच. कॉर्बेट आहे, पुढे टीव्हीवरच्या ‘स्टेप्टो अँड सन’मुळे घरोघरी पोचलेला. इथे तो साधा, हुशार, थोडा वैतागलेला पोलीस उत्तम उभा करतो.

दुसरा ‘इन्सिडेंट ॲट मिडनाइट’ (१९६३, दिग्दर्शक नॉर्मन हॅरिसन). लंडनमधलं रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान आणि तिथे येणारी-जाणारी माणसं, एवढ्यावर जवळजवळ सगळा चित्रपट उभा आहे. त्या वर्षांत पिकॅडिलीच्या रात्रभर उघड्या दुकानात दुसऱ्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी घेतलेले व्यसनी बाराचा ठोका पडायची वाट बघत थांबत. मध्यरात्र ही वेळ नुसती वातावरणासाठी निवडलेली नाही, तिला त्या शहरात खराच अर्थ होता. अँटन डिफ्रिंग, विल्यम सिल्व्हेस्टर आणि मार्टिन मिलर या तिघांमध्ये जुनी ओळख, संशय आणि भीती यांची देवाणघेवाण चालते. दार उघडलं की नवं माणूस, आणि प्रत्येक नव्या माणसागणिक आधीच्यांचं वागणं बदलतं. एका सेटमध्ये चित्रपट करायचा म्हणजे माणसांच्या ये-जा करण्यालाच घटना बनवावं लागतं. इथे ते जमलंय. असे चित्रपट फसतात ते बहुधा दिग्दर्शकाला त्या खोलीचा कंटाळा आल्यामुळे. तो उगाच बाहेरचे तुकडे घालतो आणि दाब सुटतो. हॅरिसन हा मोह बराचसा टाळतो.

तिसरा ‘सोलो फॉर स्पॅरो’ (१९६२, दिग्दर्शक गॉर्डन फ्लेमिंग). दागिन्यांच्या दुकानातल्या एका वयस्क नोकर बाईला किल्ल्यांसाठी पळवून नेतात, आणि ती कोंडलेल्या अवस्थेत मरते. इन्स्पेक्टर स्पॅरोच्या हातून प्रकरण वरचे लोक काढून घेतात, तेव्हा तो रजा टाकून एकट्यानं तपास करतो. मायकेल केन या चित्रपटात आहे, पण छोट्या भूमिकेत. त्याच्यासाठी म्हणून बघणाऱ्याची निराशा होईल. चित्रपट ग्लिन ह्यूस्टनचा आहे. हट्टी, जागच्या जागी धुमसणारा त्याचा स्पॅरो या मालिकेतला सगळ्यात जिवंत पोलीस.

इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवली तर बऱ्याच चित्रपटांतला ताण नीट पोचतो. १९५७च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये फाशी ठरावीक प्रकारच्या खुनांपुरती उरली: चोरी करताना केलेला, बंदुकीनं केलेला, पोलिसाचा, असे काही. १९६५च्या अखेरीस खुनासाठीची फाशी थांबली. म्हणजे ही मालिका बनत होती तेव्हा दरोड्यात कुणाचा खून झाला तर तो करणाऱ्या चोराच्या गळ्याशी दोर येत होता. टोळीतल्या एखाद्याचा चेहरा मृत्यूची बातमी ऐकून पांढरा पडतो तो नुसत्या पश्चात्तापानं नव्हे. त्या काळच्या प्रेक्षकाला हे सांगावं लागत नव्हतं, म्हणून पटकथेत ते कुणी बोलून दाखवत नाही.

१९६४ चे दोन चित्रपट चुकवू नयेत. ‘फेस ऑफ अ स्ट्रेंजर’मध्ये सुटून आलेला एक कैदी आपल्या तुरुंगातल्या साथीदाराच्या आंधळ्या बायकोकडे जातो, ती त्याला नवराच समजते आणि तो तिला तसं समजू देतो. पटकथेवर जॉन सॅन्सम हे नाव आहे, ते जिमी सँगस्टरचं टोपणनाव. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांचा हा लेखक इथे एकही रक्ताचा थेंब न सांडता काळजाचा ठोका चुकवतो. जेरेमी केम्प आणि रोझमेरी लीच दोघंही तोलून काम करतात. लीचनं आंधळेपणाचं प्रदर्शन अजिबात मांडलेलं नाही. ‘ॲक्ट ऑफ मर्डर’ ॲलन ब्रिजेसचा. सुट्टीपुरती घरांची अदलाबदल करणारं जोडपं आणि समोरचे अदलाबदलवाले निघतात जुन्या वस्तूंचे चोर. इथवर नेहमीची गोष्ट वाटते, मग चित्रपट हळूच चोरीवरून नवरा-बायकोच्या नात्यावर येतो आणि तिथेच थांबतो. दुय्यम चित्रपटात असं करायला धाडस लागतं. याच ब्रिजेसच्या ‘द हायरलिंग’ला १९७३ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. ‘ॲक्ट ऑफ मर्डर’ बघितल्यावर त्याचं नवल वाटत नाही.

‘कॅंडिडेट फॉर मर्डर’ (१९६२) आणि ‘गेम फॉर थ्री लूझर्स’ (१९६५) हे दोन मायकेल गॉफसाठी बघावेत. पहिल्यात तो बायकोचा काटा काढायला भाडोत्री मारेकरी नेमणारा नवरा आहे, दुसऱ्यात ब्लॅकमेलच्या जाळ्यात सापडलेला खासदार. एकाच नटाकडून शिकारी आणि शिकार दोन्ही. ‘रिकोशे’ (१९६३) बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकचा चांगला उपयोग करतो. ‘फाइव्ह टू वन’ (१९६३) आणि ‘डेड मॅन्स चेस्ट’ (१९६५) या दोन्हींत तरुण जॉन थॉ दिसतो, टीव्हीवरचा गुप्तहेर इन्स्पेक्टर मॉर्स व्हायच्या कितीतरी आधीचा. बंद खोलीतल्या खुनाचं कोडं आवडणाऱ्यांनी ‘द क्लू ऑफ द ट्विस्टेड कँडल’ (१९६०) आणि ‘द क्लू ऑफ द न्यू पिन’ (१९६१) बघावेत. दुसऱ्यातली किल्लीची युक्ती यंत्रासारखी चोख आहे, फक्त कथेतली माणसं त्या युक्तीसाठी हलवलेल्या सोंगट्या वाटतात. ‘ट्विस्टेड कँडल’मध्ये आणि मालिकेतल्या आणखी काही चित्रपटांत बर्नार्ड ली आहे, १९६२ पासून बाँडच्या चित्रपटांत त्याचा वरिष्ठ ‘एम’ झालेला. त्याच्यात एक दमलेपणा आहे, तो पोलीस अधिकाऱ्याला फार शोभतो. ‘द शेअर आउट’ (१९६२) मध्ये त्याला पूर्ण वाव मिळालाय. ब्लॅकमेलरांची टोळी वाटणीवरून आपसातच फुटत जाते, ते सगळं बसल्या बसल्या, दिवाणखान्यात.

आता न जमलेल्यांबद्दल. खर्चाच्या बाहेरचं काही दाखवायला गेलं की हे चित्रपट हमखास कोसळतात. ‘द सिनिस्टर मॅन’ (१९६१) प्राचीन पाट्या, आंतरराष्ट्रीय कारस्थान आणि हाणामारी यांच्या मागे धावतो. दिग्दर्शक तोच क्लाइव्ह डोनर, पण जगभराचं कारस्थान दोन-तीन खोल्यांत कोंबलं की ते कारस्थान राहत नाही. ‘नंबर सिक्स’ (१९६२) गुप्त हस्तक कोण या एकाच प्रश्नावर तासभर चालतो आणि सराईत प्रेक्षकाला उत्तर लवकर सापडतं. ‘मॅन ॲट द कार्लटन टॉवर’ (१९६१) नव्यानं उघडलेल्या बड्या हॉटेलचं नाव शीर्षकात मिरवतो, पण त्या जागेचं तो काही करत नाही. दुसरा दोष सगळ्या मालिकेत विखुरलेला आहे: शेवटची पाच मिनिटं. तास संपत आला की कुणीतरी बसून सगळा उलगडा तोंडी सांगतं किंवा एकदम पिस्तूल निघतं, झटापट होते, संपलं. मधल्या भागात संशयित जास्त घेतले की हे होतं. चार पात्रांचे चित्रपट क्वचित फसतात, आठ पात्रांचे वारंवार. तिसरी अडचण गाडीतल्या दृश्यांची. स्टुडिओत गाडी उभी करून मागच्या पडद्यावर रस्ता दाखवायचा, ही पद्धत तेव्हा सर्रास होती, पण इथे मागच्या रस्त्याचा उजेड आणि पुढच्या नटांवरचा उजेड जुळवायला वेळ नव्हता. रात्रीची काही दृश्यं दिवसा चित्रित करून गडद केलेली आहेत. जमिनीवरच्या सावल्या बघितल्या की लगेच ओळखू येतात.

‘द माल्पास मिस्टरी’ (१९६०) हा वेगळ्या जातकुळीचा. तो मर्टन पार्कचा नाही, बीकन्सफील्डला इंडिपेंडंट आर्टिस्ट्स या कंपनीनं काढलेला. चेहरा झाकून राहणारा खलनायक वगैरे मामला जुन्या वळणाचा आहे, म्हणून मालिकेच्या सुरात बसत नाही. पण बीकन्सफील्डचा स्टुडिओ पूर्वी ब्रिटिश लायन कंपनीचा होता आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचा अध्यक्ष होता खुद्द एडगर वॉलेस. त्या नात्यानं हा चित्रपट एकदा बघायला हरकत नाही.

संचाच्या तांत्रिक बाजूबद्दल. नेटवर्कनं मूळ फिल्मवरून नव्यानं प्रती काढल्या आणि चित्राची चौकट थिएटरात होती तशी रुंद ठेवली. आजच्या टीव्हीवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसल्या तर टीव्हीची सेटिंग बदलून चित्र ताणू नका, ते तसंच असायला हवं. या चित्रपटांच्या टीव्हीसाठी चौकोनी केलेल्या जुन्या प्रती इंटरनेटवर फिरतात, त्यांत वर-खाली उगाच मोकळी जागा दिसते किंवा कडेची माणसं कापली जातात. बर्ट मेसन आणि जेम्स विल्सन या छायाचित्रकारांनी अरुंद खोलीत दोन माणसं मागे-पुढे उभी करून केलेली रचना तिथे पार बिघडते. संचातल्या प्रती स्वच्छ आहेत. राखाडीच्या छटा नीट वेगळ्या दिसतात आणि काळा रंग खरंच काळा येतो. अधूनमधून रीळ बदलतानाच्या खुणा आणि बारीक ओरखडे आहेत, ते खुपत नाहीत.

वेळेबद्दल गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २५ नी. त्यामुळे तासाचा चित्रपट डिस्कवर सुमारे अडीच मिनिटांनी कमी भरतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. चित्रपट कापलेला नाही, फक्त वेगानं पळतोय.

मोठी उणीव सबटायटलची. ती नाहीत. मुख्य पात्रांचं इंग्रजी स्वच्छ, नाटकी वळणाचं आहे, ते आपल्याकडच्या प्रेक्षकाला सहज कळेल. पण लंडनच्या पूर्व भागातले चोर, बुकी आणि टॅक्सीवाले बोलायला लागले की कान देऊन ऐकावं लागतं. टीव्हीच्या स्पीकरपेक्षा हेडफोन लावून बघितलं तर बरंच सुधारतं, कारण मूळ ध्वनी एकाच वाहिनीवरचा, मधल्या पट्टीतला आहे आणि पातळ टीव्हीचे स्पीकर नेमकी तीच पट्टी गढूळ करतात. पूरक साहित्यही तुटपुंजं आहे. एवढ्या मोठ्या मालिकेला जाणकाराचं निवेदन किंवा स्टुडिओवरचा एखादा माहितीपट हवाच होता.

विकत घेताना काय बघायचं? नेटवर्क कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. आता मिळतात ते दुकानदारांकडे उरलेले किंवा वापरलेले संच. पूर्ण संच महाग पडत असेल तर सुटे खंड घ्या. खंड साधारण प्रदर्शनाच्या क्रमानं लावलेले आहेत, म्हणून सगळ्यात भरीव भाग मधल्या आणि शेवटच्या खंडांत येतो, तर बंद खोलीची कोडी आणि ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स’ सुरुवातीला. वापरलेला संच घेताना विकणाऱ्याकडून प्रत्येक डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि मधल्या भोकाभोवती तडा आहे का ते खास बघा. घट्ट खाचेतून डिस्क ओढून काढली की तिथेच तडा जातो आणि तो पुढे वाढत राहतो. ओरखडा पुसून निघू शकतो, तडा नाही. ब्रिटनमधून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी किमतीत धरूनच ठरवा.

डीव्हीडी जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी यासाठी विभाग ठरलेले असतात. या डिस्कचा विभाग २ आहे, भारताचा ५. आपल्याकडच्या कित्येक प्लेअरना सगळे विभाग चालतात, पण आधी खात्री करा. त्याच प्लेअरवर दुसरी एखादी ब्रिटिश डिस्क लावून बघणं सगळ्यात सोपं. संगणकावर व्हीएलसी या प्लेअर प्रोग्रॅममध्ये बहुतेकदा अडचण येत नाही. मात्र ड्राइव्हचा विभाग बदलायचा का असं विचारलं तर घाईनं होकार देऊ नका. तो बदल पाचच वेळा करता येतो आणि पाचव्यांदा निवडलेला विभाग कायमचा बसतो. पाल पद्धतीची भारतात अडचण नाही, इथेही तीच पद्धत. अमेरिकेत राहणाऱ्यांना मात्र विभाग आणि पाल अशा दोन्ही गोष्टी चालवणारा प्लेअर लागेल.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी खर्च करायच्या आधी टॉकिंग पिक्चर्स टीव्ही बघावा. २०१५ मध्ये नोएल क्रोनिन आणि त्यांची मुलगी सेरा क्रोनिन-स्टॅनली यांनी सुरू केलेली ही वाहिनी फ्रीव्ह्यूवर फुकट दिसते आणि जुने ब्रिटिश दुय्यम चित्रपट हा तिचा जीव आहे. वॉलेस मालिकेतले चित्रपटही तिथे लागत आले आहेत. त्यात जाहिराती येतात, आणि ज्या चित्रपटाची सगळी ताकद न सुटणाऱ्या दाबात आहे त्याचं जाहिरातींनी नुकसान होतं. ‘इन्सिडेंट ॲट मिडनाइट’ असा तुकड्यांत बघू नये. कोडेवजा चित्रपटांना तेवढा फरक पडत नाही.

बघण्याचा क्रम विचाराल तर पहिल्या खंडापासून ओळीनं जाऊ नका. एकाच बैठकीत दोनापेक्षा जास्तही नकोत, कारण तेच घर, तेच नट आणि बर्नार्ड एबिंगहाउसचं त्याच वळणाचं पार्श्वसंगीत, यामुळे कथा एकमेकींत मिसळतात. ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स’, ‘इन्सिडेंट ॲट मिडनाइट’, ‘सोलो फॉर स्पॅरो’, ‘फेस ऑफ अ स्ट्रेंजर’, ‘ॲक्ट ऑफ मर्डर’ हे पाच आधी, याच क्रमानं. ते आवडले तर ‘द शेअर आउट’, ‘कॅंडिडेट फॉर मर्डर’, ‘रिकोशे’, ‘गेम फॉर थ्री लूझर्स’. मग कोडी, आणि बाकीचे सवडीनं. यांतून एकाच जागी अडकलेल्या माणसांचे चित्रपट जास्त भावले, तर संचाबाहेर व्हर्नन स्यूएलचे ‘द मॅन इन द बॅक सीट’ (१९६१) आणि ‘स्ट्राँगरूम’ (१९६२) जरूर शोधा. पहिल्यात दोन भुरटे चोर आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवरचा जखमी माणूस. दुसऱ्यात बँकेच्या तिजोरीखोलीत कोंडलेले कर्मचारी, आणि आतली हवा संपायच्या आत ते दार उघडायला हवं हे उमगलेले दरोडेखोर.